कॅम्पेन सेव्हच होत नाही आणि मित्र सर्व्हरवर येत नाहीत: डीसीएस लिबरेशनचं दर शनिवारचं रडगाणं

शनिवारी रात्री दीडला आम्ही सेनाकी घेतला. म्हणजे डीसीएस वर्ल्ड ह्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर गेमच्या कॉकेशस मॅपवरचा सेनाकीचा एअरबेस. चार शनिवार घासत होतो त्यासाठी, आधी सॅम साइट (विमानं पाडणारी क्षेपणास्त्रं लावलेल्या जागा) फोडल्या, मग रणगाड्यांची लाईन मागं ढकलली, शेवटी तळ निळा (म्हणजे आमचा) झाला तेव्हा सगळ्यांनी हेडसेटमध्ये एवढा आरडाओरडा केला की आतल्या खोलीतनं आई उठून आली. आणि पुढच्या शनिवारी कराडचा दोस्त सर्व्हरवर आला, मॅप उघडला आणि म्हणाला, "लगा, सेनाकी परत लाल कसा काय?"

हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण हे दोन-तीन आठवड्यांनी ठरल्यासारखं व्हायचं, मधे सगळं नीट, मग परत तेच. आता कारण सापडलंय (एक नाही, तीन सापडली, एकमेकांत गुंतलेली) तर ज्यांच्याकडं असंच होतंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

आधी आमचा सेटअप सांगतो म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. मी साताऱ्यात, गोडोलीत. कराडचा एकजण, सांगलीचे एक काका (वय ५८, मिराज २००० सोडून दुसऱ्या कशातच बसत नाहीत, कारण आपल्या एअर फोर्सकडं १९८५ पासून तेच आहे म्हणे, आणि ह्यावर वाद घालायचा नाही) आणि कोरेगावचा मामेभाऊ. मामेभावाकडं एकही विकतचं मॉड्यूल (म्हणजे विमान) नाही, तो फुकट मिळणाऱ्या सुखोई २५-टी वर उडतो, कॉकेशस मॅपही फुकट, म्हणून कॅम्पेन कॉकेशसवरच. डायनॅमिक कॅम्पेनसाठी आम्ही लिबरेशन वापरतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लिबरेशन हा डीसीएसच्या बाहेरचा वेगळा प्रोग्रॅम आहे, त्यात बुद्धिबळासारखी टर्न असते, तुम्ही त्या टर्नला कुठली विमानं कुठं पाठवायची ते ठरवता, तो एक मिशन फाईल बनवून देतो, ती सगळ्यांनी मिळून उडायची, आणि उडून झालं की काय पडलं, काय जळलं, कुठला तळ कुणाकडं गेला ह्याची एक नोंद फाईल तयार होते, स्टेट डॉट जेसन. ती फाईल लिबरेशन वाचतो आणि पुढची टर्न त्यावरनं बनवतो. रेट्रिब्युशन हा त्यातनंच फुटलेला फाटा, गाभा तसाच.

म्हणजे सगळं युद्ध त्या एका छोट्या फाईलवर उभं आहे. ती लिहिलीच गेली नाही तर तुम्ही कितीही पराक्रम करा, सेनाकी लालच.

सुरुवातीला मी माझ्याच गेमिंग पीसीवरनं होस्ट करायचो आणि तेव्हा कधी त्रास झाला नाही. मग फ्रेम पडायला लागल्या म्हणून जुना पीसी बाहेर काढला, त्यात रॅम घातली, डेडिकेटेड सर्व्हर (नुसता सर्व्हर चालवणारा वेगळा प्रोग्रॅम) टाकला, आणि तिथनं पुढं हे सुरू. म्हणून मी महिनाभर जुन्या पीसीच्या हार्डडिस्कवर संशय घेत बसलो, नवीन एसएसडी आणली, पवई नाक्यावरनं. हार्डडिस्कचा काही संबंध नव्हता. एसएसडी चांगली आहे पण, मिशन लवकर लोड होतं.

खरं कारण असं. डीसीएसच्या इन्स्टॉल फोल्डरमध्ये स्क्रिप्ट्स नावाचं फोल्डर आहे, त्यात मिशनस्क्रिप्टिंग डॉट लुआ ही फाईल. ती नोटपॅडमध्ये उघडा, इनमिन वीस-पंचवीस ओळींची आहे. खाली डू आणि एंड ह्यांच्या मधे सॅनिटाइझमॉड्यूल अशा तीन ओळी दिसतील, कंसात ओएस, आयओ आणि एलएफएस. हे कुलूप आहे. मिशनमधल्या स्क्रिप्टला तुमच्या डिस्कवर काही वाचता-लिहिता येऊ नये म्हणून ह्या तीन गोष्टी काढून घेतलेल्या असतात. आणि लिबरेशनला तर नोंद फाईल डिस्कवरच लिहायची असते. म्हणून त्या तीन ओळींच्या आधी दोन डॅश टाकायचे, लुआमध्ये (ह्या स्क्रिप्टची भाषा) दोन डॅश म्हणजे ती ओळ नुसती टीप, चालत नाही. कुलूप उघडलं.

एवढं बहुतेकांना माहीत असतं, मलाही होतं. मग अडलं कुठं?

एक तर मी स्वतःच्या पीसीवरनं होस्ट करायचो तेव्हा हे काम मला कधी करावंच लागलं नव्हतं, कारण लिबरेशन सुरू होतानाच ही फाईल स्वतः बदलतो आणि बंद होताना मूळची परत ठेवतो. पण कुठली फाईल बदलतो? तुम्ही त्याच्या सेटिंगमध्ये जो डीसीएसचा पत्ता दिलाय त्यातली. म्हणजे माझ्या गेमिंग पीसीवरची. डेडिकेटेड सर्व्हरचं इन्स्टॉल वेगळं, फोल्डर वेगळं, त्यातली मिशनस्क्रिप्टिंग फाईल वेगळी, आणि तिच्याकडं लिबरेशन ढुंकूनही बघत नाही. एकाच पीसीवर गेम आणि सर्व्हर दोन्ही असतील तरी फाईली दोन असतात हे लक्षात घ्या, मी ओळखीतल्या दोघांना चुकीच्या फाईलमध्ये डॅश टाकून "केलं की, तरी होत नाही" म्हणताना बघितलंय, त्यातला एक मीच.

दुसरं, जे खरं दर काही आठवड्यांनी परत परत होण्याचं कारण: अपडेट. डीसीएसचं अपडेट आलं की अपडेटर आपल्या सगळ्या मूळ फाईली तपासून परत जागेवर ठेवतो, त्यात ही पण येते, आणि तुमचे डॅश गेले. रिपेअर चालवलं तरी तेच. ह्यात त्यांची चूक काही नाही, फाईलमध्ये वरच लिहिलंय की ह्या ओळी काढायच्या तर स्वतःच्या जबाबदारीवर. पण आपल्या बाजूनं गंमत अशी होते की शुक्रवारी सगळ्यांचे गेम अपडेट होतात, शनिवारी कुणी जॉईन करायला गेलं की व्हर्जन जुळत नाही म्हणून मेसेज येतो, म्हणून मी घाईघाईत सर्व्हरपण अपडेट करतो, सगळे आत येतात, सगळं झकास चालतं, तीन तास उडतो, आणि फाईल लिहिली जातच नाही, आणि ह्याचा कुठंही मोठा एरर येत नाही. विमानं पडतात, बॉम्ब फुटतात, स्क्रीनवर सगळं खरं. फक्त नोंद होत नाही.

तपासायचं कसं ते सांगतो. सर्व्हर पीसीवर सेव्ह्ड गेम्स फोल्डर उघडा. तिथं डीसीएस नावानं सुरू होणारी एकापेक्षा जास्त फोल्डर असू शकतात, एक गेमचं, एक सर्व्हरचं, सर्व्हरचं घ्या (सगळ्यात ताज्या तारखेचा लॉग कुणात आहे ते बघितलं की कळतं). त्यात लॉग्ज, त्यात डीसीएस डॉट लॉग. मिशन सुरू करून पाच मिनिटं होऊ द्या, मग ती फाईल उघडून कंट्रोल-एफ दाबून निल (म्हणजे काहीच नाही) असा शब्द इंग्रजीत शोधा. मी आणि कराडचा दोस्त रात्री बाराला फोन स्पीकरवर ठेवून हेच करत होतो, तो तिकडनं "काय दिसतंय, काय दिसतंय" आणि मी हजारो ओळी खाली सरकवतोय, बहुतेक सगळा कचरा, कुठल्या तरी टेक्श्चरची तक्रार, कुठल्या तरी आवाजाची. आणि मधेच एक ओळ, मिशन स्क्रिप्ट एरर, ग्लोबल आयओ, निल व्हॅल्यू. एवढंच. चार आठवड्यांचा सेनाकी त्या एका ओळीत गेला होता. तुमच्याकडं शब्द थोडे वेगळे असतील, स्क्रिप्ट कुठली त्यावर आहे, पण आयओ, ओएस किंवा एलएफएस ह्यांच्याबरोबर निल दिसला की समजा कुलूप परत लागलंय.

उपाय. हातानं दरवेळी डॅश टाकणं हा उपाय नाही, शनिवारी रात्री कुणाच्या लक्षात राहतंय. मॉड मॅनेजर वापरणारे ओव्हीजीएमईमध्ये बदललेली फाईल मॉडसारखी ठेवतात, अपडेटच्या आधी बंद करायची, नंतर चालू करायची, ते पण चालतं. मी दुसरं केलं. सर्व्हर सुरू करायची जी बॅच फाईल (एकामागून एक कमांड चालवणारी साधी फाईल) आहे तिच्यातच वर दोन-तीन ओळी टाकल्या: फाइंडस्ट्र कमांडनं मिशनस्क्रिप्टिंग फाईलमध्ये बघायचं, डॅश नसलेली सॅनिटाइझमॉड्यूल ओळ सापडली तर सर्व्हर सुरू करायचा नाही, विंडो लालभडक करायची आणि तिथंच थांबायचं. सरळ जुनी फाईल त्यावर कॉपी का नाही केली असं सांगलीच्या काकांनी विचारलं. तसं पण करता येतं, पण उद्या अपडेटमध्ये त्या फाईलमध्येच काही नवीन आलं तर मी माझी जुनी तिच्या डोक्यावर मारणार आणि मग वेगळंच काहीतरी बिघडणार जे शोधायला अजून महिना. त्यापेक्षा लाल विंडो बरी, बघतो, डॅश टाकतो, परत डबल क्लिक.

दोन बारीक गोष्टी. सर्व्हर प्रोग्रॅम फाईल्समध्ये टाकला असेल तर नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर सेव्ह होत नाही. आणि नोटपॅडनं शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी लावलं नाही ना ते बघा, विंडोजमध्ये एक्स्टेंशन लपवलेलं असलं की कळतच नाही, फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाईली दिसतात आणि आपण म्हणतो भूत आहे.

आणि हे मात्र कळकळीनं सांगतो, कुलूप फक्त सर्व्हर पीसीवर उघडा. बाकीच्यांना, खेळणाऱ्यांना, ह्या फाईलला हात लावायची काही गरज नाही, स्क्रिप्ट सर्व्हरवरच चालते. कुलूप उघड्या पीसीवर कुठनं तरी उतरवलेलं अनोळखी मिशन चालवलं तर त्यातली स्क्रिप्ट तुमच्या डिस्कवर काय वाट्टेल ते करू शकते. माझ्या सर्व्हर पीसीवर बँकेचं, फोटोंचं काहीच नाही, म्हणून चालतंय.

आता दुसरी भानगड. कुलूप उघडं आहे, लॉगमध्ये निल नाही, तरी लिबरेशन आपला मिशन संपायची वाट बघत बसलाय. म्हणजे फाईल लिहिली गेलीय पण भलतीकडं. लिबरेशनची स्क्रिप्ट जागा शोधताना क्रमानं जाते: आधी लिबरेशन_एक्सपोर्ट_डिर नावाचं एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (विंडोजमध्ये नाव देऊन ठेवलेली सेटिंग) आहे का, मग मिशन बनवलं त्या पीसीवरचा लिबरेशनचा पत्ता, मग विंडोजचं टेम्प फोल्डर, शेवटी सर्व्हर जिथनं चालतोय ते फोल्डर. सर्व्हर पीसीवर लिबरेशन नसतोच, म्हणजे ती गपचूप टेम्पमध्ये जाते. आणि टेम्प दर युजरचं वेगळं. मी सर्व्हरसाठी विंडोजमध्ये वेगळा युजर केला होता, आणि शोधत होतो माझ्या युजरच्या टेम्पमध्ये, तिथं काय सापडणार. ते व्हेरिएबल सर्व्हर पीसीवर इंग्रजीत टाका, एक साधं फोल्डर द्या, सर्व्हर पूर्ण बंद करून परत सुरू करा (चालू असलेल्याला नवीन व्हेरिएबल दिसत नाही), आणि ते फोल्डर नेटवर्कवर शेअर करा म्हणजे गेमिंग पीसीवरनं उचलता येईल. नंतर लिबरेशनमध्ये निकाल हातानं द्यायचा पर्याय आहे, तिथं ही फाईल दाखवायची.

ह्यातच अजून एक सापळा. डेडिकेटेड सर्व्हरला मिशन लिस्ट लूपवर ठेवलेली असेल तर मिशन संपलं की तेच मिशन पहिल्यापासून सुरू होतं. आपण झोपायला गेलो, सर्व्हर चालू, नवीन मिशनमध्ये संगणकाची विमानं आपापसात भिडतात, एखादं पडलं की स्टेट फाईल लिहिली जाते, आणि आपली रात्रीची नोंद पुसून त्या जागी ही. सकाळी उठून फाईल उचलता तेव्हा ती भलत्याच लढाईची असते. लूप बंद करा. आणि स्टॅम्प्ड स्टेटचं एक व्हेरिएबल आहे, ते लावलं की प्रत्येक फाईलच्या नावात वेळ येते, मग पुसलं जायचा प्रश्न नाही.

लाईट गेली तर? आमच्याकडं पावसाळ्यात जातेच, अजिंक्यताऱ्यावर ढग उतरले की मी इन्व्हर्टरकडं बघायला लागतो. सर्व्हर मधेच बंद पडला, किंवा मिशन नीट न संपवता विंडो फुल्लीवर क्लिक करून मारली, तर मिशन संपल्याची खूण फाईलमध्ये येत नाही आणि लिबरेशन ताटकळत राहतो. पण फाईल शेवटीच लिहिली जाते असं नाही, मधे काही पडलं-फुटलं की लिहिली जाते, त्यामुळं तोवरचं बरंचसं त्यात असतं. हातानं देऊन टाका. आमच्या दोन टर्न अशा वाचल्यात.

हो, आणि लिबरेशन दर टर्नला मिशनची फाईल त्याच नावानं बनवतो, नेक्स्टटर्न. नवीन टर्नची फाईल सर्व्हरवर कॉपी करायचं विसरलात तर सर्व्हर गुमान जुनी चालवतो, नाव तेच असल्यामुळं शंका पण येत नाही. एकदा झालंय. मामेभाऊ अजून ऐकवतो. आता मी कॉपी करताना नावापुढं टर्नचा आकडा लावतो.

तिसरी भानगड कनेक्शनची, ही सिम्युलेटरची नाहीच, पण विचारणारे सगळ्यात जास्त हिच्याबद्दल विचारतात. सर्व्हर लिस्टमध्ये दिसतो, क्लिक केलं की फिरत राहतं आणि मग फेल. राउटरमध्ये १०३०८ हा पोर्ट (बाहेरनं येणाऱ्या कनेक्शनचा दरवाजा) टीसीपी आणि यूडीपी दोन्हीला सर्व्हर पीसीकडं फॉरवर्ड करायचा असतो, नुसता टीसीपी नाही. (८०८८ हा वेब कंट्रोलचा, तो बाहेर उघडू नका.) हे केलेलं असूनही लाईट गेल्यावर बंद पडत असेल तर कारण साधं: राउटर परत सुरू झाला, त्यानं पत्ते नव्यानं वाटले, सर्व्हर पीसीचा पत्ता दुसऱ्या कुणाला गेला. आमच्याकडं तो पोर्ट तीन दिवस हॉलमधल्या टीव्हीकडं फॉरवर्ड होत होता. राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं, सर्व्हर पीसीच्या मॅक ॲड्रेसला एक पत्ता कायमचा बांधा.

आणि एवढं करूनही जमत नसेल तर राउटरच्या पानावर वॅन आयपी (नेटवाल्याकडनं राउटरला मिळालेला पत्ता) बघा आणि मोबाईल त्याच वायफायवर ठेवून गूगलवर माझा आयपी काय ते बघा. दोन्ही वेगळे, आणि राउटरवरचा १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कुठल्याशा आकड्यानं सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागं आहात. म्हणजे नेटवाल्यानं एकाच खऱ्या आयपीवर बरीच घरं बसवलीत, सोसायटीला एकच पोस्टाची पेटी असावी तसं, बाहेरनं आलेलं पत्र कुणाच्या दारात टाकायचं ते पेटीला कळत नाही. तुम्ही राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य. मी नेटवाल्याला फोन केला तर पोरगा म्हणाला, "साहेब, स्पीड येतंय ना पण?" स्पीड येतंय रे बाबा. पब्लिक आयपी द्या असं स्पष्ट शब्दांत मागा, काहीजण महिन्याला जादा पैसे घेऊन देतात. माझ्या आधीच्या नेटवाल्यानं नाहीच दिला, तेव्हा आम्ही झीरोटियर (लांबलांबचे पीसी एकाच घरातल्या नेटवर्कवर असल्यासारखे जोडणारा प्रोग्रॅम) टाकलं, चौघांनी एकाच नेटवर्कमध्ये यायचं आणि डीसीएसमध्ये आयपी टाकून जॉईन करायचं, लिस्टमध्ये शोधायचंच नाही. टेलस्केलनं पण होतं, फक्त टेलस्केल स्वतःच १०० नं सुरू होणारे पत्ते देतं, त्यामुळं वरची तपासणी करताना तो पत्ता बघून घाबरू नका, राउटरच्या पानावरचाच धरा.

घरातल्या घरात, म्हणजे सर्व्हरच्याच वायफायवरनं जॉईन करताना बाहेरचा आयपी टाकू नका, बरेच राउटर तो आतल्या आत वळवत नाहीत. आतला पत्ता टाका. ह्यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली, बाकी तिघं आत उडतायत आणि सर्व्हरचा मालक बाहेर.

लॅग होत असेल तर लिबरेशनच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्सखाली कलिंग आहे, लढाईपासून लांबची युनिट मिशनमध्ये टाकायचीच नाहीत असं. जुन्या पीसीला ते लावाच, आणि फ्रंटलाईनचा धूर कमी करा. आमच्याकडं ह्याच दोन गोष्टींनी काकांचं मिराज अडखळायचं थांबलं.

गेल्या शुक्रवारी परत अपडेट आलं. शनिवारी नऊ वाजता बॅच फाईलवर डबल क्लिक केलं, विंडो लाल. डॅश टाकले, परत क्लिक, सर्व्हर वर. कोरेगावच्यानं मॅप उघडून आधी सेनाकी बघितला, मग कॉकपिटमध्ये बसला.